आजोबांवर काढलेलं कलिंगड

खोलीत अकरा बाक होते, एक सतरंजी, एक फळा, उघडणारी एक खिडकी आणि न उघडणारी एक. पंखा एक, त्याला पाती तीन. भिंतीवरचं घड्याळ एक, बंद. पाण्याची टाकी एक, तोटीसकट. मुलं वीस. आणि मेलेली माणसं चौदा.

मेलेली माणसं मी शेवटी मोजली, कारण ती खोलीभर विखुरलेली होती. अकरा बाकांच्या पाठींवर अकरा होती, पांढऱ्या ऑइलपेंटमध्ये: 'कै. गुरुपाद तेरदाळे यांच्या स्मरणार्थ', 'कै. सोनव्वा पांढरे यांच्या स्मरणार्थ', असं ओळीनं. घड्याळाच्या काचेवर एक, टाकीवर एक. पंख्याच्या तीन पात्यांवर मिळून एक. पंखा सुरू झाला की ते गृहस्थ दिसेनासे व्हायचे आणि वीज गेली की परत यायचे.

याला आता बरीच वर्षं झाली. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते, भौतिकशास्त्राची पदवी आणि त्यावर डी. एड. झालेली. करजवाडीच्या शाळेत पहिली-दुसरीचा वर्ग माझ्याकडे आला आणि तिसरी-चौथीचा मुख्याध्यापक बिराजदार सरांकडे. शाळेत आम्ही दोघंच. नेमणुकीआधीच्या प्रशिक्षणात एक पूर्ण दिवस 'स्वागतशील वर्ग' या विषयाला दिला होता. खोलीत पाऊल टाकताच प्रत्येक मुलाला 'ही जागा माझी आहे' असं वाटलं पाहिजे, असं तिथं सांगितलं होतं. ते मी अधोरेखित करून घेतलं होतं.

पहिल्या दिवशी मुलं आत आली. चौदा जण न बोलता, न ढकलता आपापल्या बाकावर जाऊन बसली. उरलेली सहा मागं सतरंजीवर बसली. चौदा जणांनी मिळून नऊच बाक वापरले होते. दोन बाक पूर्ण रिकामे होते.

मी सतरंजीवरच्या सहांना म्हटलं, "पुढं या. दोन बाक मोकळे आहेत."

कुणी उठलं नाही. त्यांतली एक मुलगी, दोन वेण्या आणि एकीलाच रिबीन, म्हणाली, "ते मोकळं न्हाईत. ते शिंत्रेंचं हाईत."

"शिंत्रे कुठं आहेत?"

"इंग्लिश शाळंत. पिवळ्या गाडीतनं जात्यात."

मी पहिल्या बाकावरच्या मुलाकडे वळले. सरपंचांचा मुलगा विराज. अख्ख्या बाकावर एकटाच, मधोमध बसला होता. "विराज, जरा सरक. हिला बसू दे."

विराजनं बाकाच्या पाठीकडे बोट केलं. "हितं माझा आज्जा हाय."

"कुठं?"

"पाठीमागं. लिवलंय की."

विज्ञान शिकलेल्या माणसाला चमत्कारिक गोष्ट दिसली की आधी साधी कारणं तपासायची सवय असते. उंची म्हणून बघितलं, नव्हतं. नजर म्हणून बघितलं, नव्हतं. नावनोंदणीचा क्रम म्हणून बघितलं, तेही नव्हतं. शेवटी बिराजदार सरांना विचारलं. ते तेरा वर्षं त्या शाळेत होते आणि त्यांच्या आवाजात घाई कधीच नसे.

"बाई, सोपं आहे," ते म्हणाले. "ज्या घरानं बाक दिला, त्या घरचं पोर त्यावर बसतं. मागची सहा खडीच्या खाणीवरची. त्यांच्या घरचा कुणी बाकावर नाही."

"म्हणजे मेलेलं कुणी नाही?"

"मेलेले असतील हो पुष्कळ. बाकावर नाही."

रिबिनीवालीचं नाव यल्लव्वा. सगळे तिला यलू म्हणायचे. दुसरीत होती, पाढे पंधरापर्यंत येत होते, आणि सतरंजीवर पालथी पडून लिहीत असल्यामुळे तिच्या सगळ्या अक्षरांना एक उतार होता. पालकभेटीसाठी मी खाणीवर गेले तेव्हा तिची आई नागव्वा दगड फोडत होती. शेजारी साडीच्या झोळीत धाकटं होतं. माझं 'स्वागतशील वर्गा'चं बोलणं तिनं हातातला हातोडा खाली ठेवून शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई, यकच इचारू? पोरगी बाकावर बसती का खाली?"

"सध्या खाली."

"मग खालीच बसायचं तर हितं बसंल की. हितं निदान धाकटं तरी सांभाळंल." तिनं हातोडा परत उचलला. "दिवाळीपतोर येऊ द्या तिला. म्होरं न्हाई पाठवत."

"दिवाळीच्या आत ती बाकावर बसेल," मी म्हणाले.

"बघू या," नागव्वा म्हणाली. ज्या सुरात लोक पावसाबद्दल बोलतात, तो सूर होता.

आता माझ्याकडे एक मुदत होती. प्रशिक्षणात सांगितल्याप्रमाणे मी आधी पालकांशी नातं जोडायला घेतलं. मुलांकडून रंगीत कागदाची निमंत्रणं करून घेतली, वर फुलपाखरं. पहिल्या पालकसभेला एकही पालक आला नाही. दुसऱ्या सभेला एक जण आला. तो दारातून आत डोकावला, चारही कोपरे बघितले आणि विचारलं, "बाई, तांबडी शेळी आलीया का हिकडं?"

मग मी प्रयोग करायचं ठरवलं. माझं गृहीतक असं होतं: मुलं बाकाला चिकटलेली नाहीत, नावाला चिकटलेली आहेत. नाव दिसेनासं झालं तर चिकटपणा जाईल. शिवाय बाक तसेही कळकट झाले होते. बिराजदार सर चार दिवस तालुक्याला बैठकीला गेले होते. मी शहरातून रंग आणले आणि मुलांना हाताशी घेतलं. दोन दिवसांत अकराही बाक पिवळे, निळे, पोपटी झाले. जिथं जिथं कैलासवासी होते तिथं तिथं आम्ही चित्रं काढली. बदकं, पोपट, एक आगगाडी. विराजच्या बाकावर यलूनं कलिंगडाची फोड काढली, बियांसकट.

दुसऱ्या दिवशी दाराला आंब्याचं तोरण लावून मी बाजूला उभी राहिले. मुलं आत आली. चौदा जण आपापल्या बाकावर बसली, सहा सतरंजीवर.

"विराज," मी म्हणाले, "नाव तर आता नाही."

"कलिंगडाखाली हाय," विराज म्हणाला.

प्रयोगाचा निष्कर्ष नकारात्मक आला होता. तो लिहून ठेवण्याइतकाही वेळ मिळाला नाही, कारण बिराजदार सर परत आले. दारातच थांबले. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"बाई, हे काय केलंत?"

"स्वागतशील, सर."

"तुम्ही दहा घरचे आईबाप पुसलेत, बाई." ते माझ्या खुर्चीवर बसले. "आता स्वागत होईल. तुमचं."

दुपारी अख्खं गाव शाळेत आलं. ज्यांची मुलं शाळेत होती ते आले, ज्यांची इंग्लिश शाळेत होती ते शिंत्रेही आले. बिराजदार सर माझ्या कानाशी लागून म्हणाले, "पालकसंपर्क शंभर टक्के. ही नोंद आधी करून घ्या, पुढचं कुणी सांगावं."

सगळ्यात पुढं धनाजी पांढरे होता. त्याचे दोन ट्रॅक्टर होते आणि तो बोलायचाही दोन्ही चालू असल्यासारखा. "बाई, माझ्या आईवर बदक काढलंय. आईवर. ती बाई जल्मात कधी पाण्यात उतरली न्हाई, आणि तिच्यावर बदक."

"तुमचं बदक तरी हाय," शिंत्रे म्हणाले. "आमच्या तात्यांवर काय हाय त्येच कळंना."

"आगगाडी आहे ती," मी म्हणाले.

"तात्या गाडीखालीच गेल्याले, बाई."

सरपंच शिवाप्पा अण्णा तेरदाळे मध्ये पडले. ते मोजून बोलायचे, निवडणूक जवळ असली की आणखी मोजून. "हे बघा, बाई नव्या हाईत. चूक झाली. नावं परत घालून देतील. पण बाई, असं का केलासा ते तरी सांगा चार माणसांत."

मी सांगितलं. दोन बाक रिकामे असूनही सहा मुलं खाली बसतात, हे सांगितलं. यलू दिवाळीनंतर शाळा सोडणार, हेही सांगितलं.

"मग सतरंजी काय वाईट हाय?" पांढरे म्हणाला. "ती बी दानातलीच हाय की. यात्रा कमिटीची."

"आणि बाकावर बसून कुठं कलेक्टर व्हायचीया," मागून कुणीतरी म्हणालं. चार जण हसले.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि सरपंचांची आई गंगव्वा आत आली. काठी टेकत, कुणाकडे न बघता, ती थेट पहिल्या बाकाशी गेली आणि तिथं बसली. बाक लहान, म्हातारी आडव्या बांध्याची. तिनं पाठीमागं वळून कलिंगड बघितलं. बराच वेळ बघितलं.

"अव्वा, मी रंग काढून देते," मी म्हणाले.

"का गं? ह्यास्नी लई आवडायचं कलिंगड. डॉक्टरनं बंद केलं तवा लपून खायाचे. ऱ्हाऊ दे." मग तिनं मुलाकडे बघितलं. "शिवाप्पा, ह्या बाकावर कोण बसतंय?"

"आपला विराज."

"आजून कोण?"

"कोण न्हाई. आपलाच हाय की बाक."

"आपलाच?" म्हातारी म्हणाली. "मग दान कुणाला दिलं? तू म्हनालास, अव्वा, बाच्या नावानं दान केलं, त्येस्नी पुण्य पोचंल. आता म्हंतोस, बाक आपला, बसतो आपला. आपल्या घरची वस्तू, आपलंच पोर. मधी शाळा कशाला घातली? वट्यावर ठेवायचा हुता बाक, विराज तितं बसला असता."

"अव्वा, तसं नसतंय…"

"मग कसं असतंय? येवढी वर्सं झाली. ह्यास्नी काय पोचलं, सांग. नातवाचं बूड?"

कुणी हसलं नाही. मी सगळ्यांचे चेहरे बघत होते. प्रत्येक जण आपापल्या बाकाकडे बघत होता आणि मनातल्या मनात काहीतरी वजा करत होता.

"आमच्या आईला बी कायच पोचलं नसंल म्हंजे," धनाजी पांढरे हळू आवाजात म्हणाला. दोन्ही ट्रॅक्टर बंद झाले होते.

"पंख्याला तरी बरं हाय," शिंत्रे म्हणाले. "वारा समद्यास्नी लागतोय."

सभा तिथंच संपली. नावांचं नंतर बघू, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर्ग उघडायच्या आत दारात माणसं उभी होती. सरपंचांनी विराजला दंडाला धरून आणलं होतं. "बाई, ह्याला सतरंजीवर बसवा. आणि आमच्या बाकावर ती कलिंगडवाली पोरगी बसवा. एकटीच. मधी दुसरं कुणी नको."

यलू पहिल्या बाकावर बसली. पाय जमिनीला पोचत नव्हते. थोडा वेळ तिनं ते हलवून बघितले. मग मला विचारलं, "बाई, कवा उतरायचं?"

"उतरायचं नाही. आता इथंच."

तिनं दप्तर एका बाजूला ठेवलं, पाटी दुसऱ्या बाजूला, आणि तिसरं काही नसल्यामुळे रिबीन सोडून मध्ये ठेवली.

प्रश्न यानंतर सुरू झाला. बाक अकरा आणि खाणीवरची मुलं सहा. पाच घरं मागं राहिली, आणि एका घरातला माणूस वर गेल्यावर दुसऱ्या घरातल्यानं मागं राहावं, हे करजवाडीत कुणाला सहन होत नसे. पांढरे दुपारी परत आला.

"बाई, आमच्या आईच्या बाकावर अजून कोण न्हाई. शिंत्रेंच्या दोन्ही बाकांवर पोरं हाईत. त्येंचं तर घरचं यक बी पोर ह्या शाळंत न्हाई. ठरवून करतासा व्हय?"

"मुलंच सहा आहेत, धनाजीराव."

"आणू का?"

"काय?"

तो मोटरसायकलवर बसून खाणीवर गेला आणि दोन मुलं घेऊन आला. दोघंही सहा-सात वर्षांचे, जुळे, एकाच्या हातात अर्धी भाकरी. गेली कित्येक वर्षं शाळेत न जाणाऱ्या मुलांचा शोध शाळा नेमानं घेत होती आणि दर वर्षी 'निरंक' असं कळवत होती. बिराजदार सरांनी दोघांची नावं घातली. "पुण्याची निकड आली की पटसंख्या वाढते," ते म्हणाले. "हे कुठल्या प्रशिक्षणात सांगत नाहीत."

आठ मुलं, अकरा बाक. उरलेल्या तीन घरांनी पाळी मागितली. एक दिवस ह्यांच्याकडे, एक दिवस त्यांच्याकडे. एका घरानं जुळ्यांतल्या एकाला खाऊ देऊन पळवलं, त्यावरून देवळापाशी भांडण झालं. आपलं पोर चुकून बाकावर दिसलं तर आया खिडकीतून ओरडायच्या, "उतर खाली, आज्ज्याचं सगळं वाया घालवतोस." चौदा मुलं सतरंजीवर दाटीवाटीनं बसायची. विराजच्या अक्षरांना उतार पडायला लागला. पेंटर येऊन नावं परत लिहून गेला, पण बदकांना आणि आगगाडीला कुणी हात लावू दिला नाही. तात्यांचं नाव इंजिनाच्या धुरातून बाहेर आलं.

दिवाळीच्या सुट्टीआधी विस्तार अधिकारी वर्ग बघायला आले. त्यांनी तोरणाखालून आत पाऊल टाकलं आणि थांबले. आठ मुलं आठ बाकांवर एकेकटी. तीन बाक रिकामे. चौदा मुलं जमिनीवर.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं. "ही खालची मुलं कुठली?"

"गावची, साहेब," बिराजदार सर म्हणाले.

"आणि वरची?"

"खाणीवरची."

साहेबांनी चष्म्याच्या वरून बघितलं. वंचित मुलांना पुढं बसवण्यावर त्यांचं एक भाषण असायचं, आणि ते सुरू कुठून करावं हे त्यांना कळेना असं दिसत होतं. शेवटी त्यांनी जमिनीकडे बघूनच सुरू केलं. "कुठलंही मूल खाली बसता कामा नये. या मुलांना ताबडतोब बाकावर घ्या. सुट्टीनंतर मी परत येईन."

त्यांची गाडी गेल्यावर शिवाप्पा अण्णा म्हणाले, "झालं. म्हंजे आमची पोरं वर, आणि ती सतरंजीवर. सरकारचाच हुकूम हाय, आमचा काय दोष न्हाई."

माझ्या डोळ्यांपुढं नागव्वाचा हातोडा आला. मी कपाटातून टेप काढला, कापड मोजायचा, माझ्या आईचा. पहिला बाक मोजला. एकशेवीस सेंटिमीटर. सगळे बाक एकाच सुताराचे, एकाच मापाचे. "अण्णा, मुलं बावीस आहेत. बाक अकरा. बाकावर दोघं बसली तर प्रत्येकाला साठ सेंटिमीटर मिळतात. कुणी खाली राहत नाही."

"आणि पुण्य?" धनाजी पांढरेनं विचारलं. त्याचा प्रश्न मनापासूनचा होता. "अर्धाच बाक दिल्यावर अर्धंच पोचंल न्हवं?"

सगळ्यांनी गंगव्वाकडे बघितलं. ती साहेबांना बघायला आली होती आणि टाकीला टेकून उभी होती.

"धनाजी," ती म्हणाली, "देव काय टेप घेऊन बसलाय व्हय?"

धनाजीनं माझ्या हातातल्या टेपकडे बघितलं. मी तो पाठीमागं घेतला.

"एका बाकावर यक आपलं, यक त्येंचं," म्हातारी म्हणाली. "आणि जितं त्येंचं मिळत न्हाई, तितं शेजारच्या घरचं. निदान घरचं घरात नको."

आठ बाक तसे झाले. उरलेल्या तीन बाकांवर सहा मुलं बसली, एकाही बाकावर त्या घरचं मूल नाही. त्यासाठी एकमेकांशी न बोलणारी दोन घरं एकमेकांच्या आज्ज्यावर बसवावी लागली. मग सुट्टी लागली.

सुट्टीनंतर पहिल्या दिवशी मी लवकर जाऊन दारात उभी राहिले. गावची मुलं आली. जुळे आले. खाणीवरची आणखी पाच आली. पहिली घंटा झाली, यलू आली नाही. सतरंजी गुंडाळून कोपऱ्यात ठेवली होती. विराज पहिल्या बाकावर एका टोकाला बसला होता, दुसरं टोक सोडून.

हजेरी संपत आली तेव्हा खाणीच्या वाटेनं नागव्वा आली. कमरेवर धाकटं होतं, हाताला यलू. या खेपेला दोन्ही वेण्यांना रिबीन होती. नागव्वानं चपला बाहेर काढल्या आणि आत आली. तिनं सतरंजी कोपऱ्यात बघितली. मग पहिला बाक बघितला, कलिंगड बघितलं, आणि विराजला बघितलं.

"हा कोण?"

"सरपंचांचा मुलगा," मी म्हणाले.

"हा बसतोय हिच्यासंगं?"

"हो."

तिनं यलूचा हात सोडला. "जा," म्हणाली. आणि मला म्हणाली, "धाकट्याचं बघू काय तरी." ती गेली.

पहिला तास नीट झाला. दुसऱ्या तासाला पहिल्या बाकावरून विराज ओरडला. "बाई, ही सरकत न्हाई. माझी जागा घेतीया."

यलू वहीतून मान वर न काढता म्हणाली, "तुझ्या आज्ज्याला पुण्य पायजे न्हवं? मग सरक की आजून."

विराजनं मागं वळून नावाकडे बघितलं. मग थोडा सरकला.

मी टेप घेऊन गेले आणि दोघांच्या मध्ये खडूनं रेघ मारून मोजलं. यलू, एकाहत्तर सेंटिमीटर. विराज, एकोणपन्नास.